मोगरामायचा ओटा

फोन आला तेव्हा मी एका नव्या रस्त्याच्या कडेला टेप धरून उभी होते. फोन सुनीताचा होता. सुनीता म्हणजे माझ्या आधीच्या नोकरीच्या गावातली आशा कार्यकर्ती, नाल्याकाठच्या वस्तीतच राहणारी. ती कधी उगाच फोन करत नाही. "ताई, माय गयी," एवढंच ती म्हणाली. मोगरामायला न्यूमोनिया झालाय, नंदुरबारच्या दवाखान्यात ठेवलंय, हे मला ठाऊक होतं. रविवारी भेटायला जायचं ठरवलंही होतं. तो रविवार यायच्या आतच ती गेली. या गोष्टीला आता सहा आठवडे होऊन गेले.

मोगराबाई भील हे तिचं नाव, पण सगळी वस्ती तिला मोगरामायच म्हणे. हंगामात ती मिरचीच्या पथारीवर, म्हणजे लाल मिरची वाळायला पसरतात त्या उघड्या मैदानावर, देठं खुडायला जायची. बोटांची टोकं कायम तांबडी. कपाळावरचा घाम ती कधी हातानं पुसत नसे, दंडानं पुसायची. इतक्या वर्षांच्या मिरचीनं तिला तेवढं शिकवलं होतं. मी तेव्हा तिथल्या पालिकेत कनिष्ठ अभियंता म्हणून नवी रुजू झाले होते. लोणखेड्याच्या गुजर घरातली मी, केळीच्या बागांमध्ये वाढलेली. उन्हाळा ही माझ्यासाठी तोवर सावलीत बसून पाहायची गोष्ट होती.

पालिकेला त्या वर्षी सरकारकडून खास निधी येणार होता. वाढतं ऊन आणि अवकाळी पाऊस यांना तोंड देण्यासाठी शहरांनी काही करावं, असा त्यामागचा हेतू. आमच्याकडे प्रस्ताव तयार झाला तो नाल्याच्या सुशोभीकरणाचा. दोन्ही काठांना फरसबंदी, बाकं, शोभेची झाडं आणि गावात शिरताना दिसेल असं एक कारंजं. मी नकाशा घेऊन मोजणीला गेले, तेव्हा ही बाई दारातल्या ओट्यावर बसली होती. तिनं नकाशा मागितला, उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ताई, तुन्हा कागदवर मन्हं घर कोठे शे?"

मी बोट ठेवलं. तिथं नुसती मोकळी जागा होती. सरकारी जमिनीवरची वस्ती, म्हणून नकाशात घरं दाखवायची पद्धतच नव्हती. ती रागावली नाही. उठली, माझं मनगट धरलं आणि मला गल्लीगल्लीतून फिरवू लागली. हे रतनचं, हे लताबाईचं, ही अंगणवाडी, हा एकच नळ, याच्यापुढं रांगेत उभ्या राहणाऱ्या बायांना भोवळ येते... प्रत्येक दारासमोर थांबायची आणि म्हणायची, "लिख." मी लिहीत गेले. परतताना माझ्या नकाशावर पेन्सिलीनं काढलेली सगळी वस्ती होती, आणि कारंज्याची जागा कुठं होती ते मलाच सापडेना.

वरिष्ठांपुढं हे मांडायचं माझं काही धाडस होत नव्हतं. मोगरामायनं ते काम आपल्याकडे घेतलं. ती आमच्या मुख्याधिकाऱ्यांना भेटायला कचेरीत आली आणि त्यांना घरी चहाला बोलावून गेली. साहेब भले गृहस्थ. सकाळी नऊला येतो म्हणाले. ती म्हणाली, "साहेब, घर दखानं व्हई ते दुपारना दोनले या. सकायले ते समदा घरे चांगलाच ऱ्हातस." मे महिना होता. साहेब हसले, पण आले.

ती दुपार मी विसरणार नाही. साहेब खाटेवर बसले, मी आणि आमचे लेखापाल सतरंजीवर. डोक्यावर साधा पत्रा, तापून मधूनमधून टकटक वाजणारा. कोपऱ्यात मोगरामायची सून कमल ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसली होती, मांडीवर दोन महिन्यांचं लेकरू. लेकरू रडतसुद्धा नव्हतं, नुसतं धापा टाकत होतं. साहेबांनी विचारलं, पंखा नाही का. "शे ना," ती म्हणाली आणि तिनं तो लावला. वरची सगळी आग पात्यांनी खाली आणून आमच्या तोंडावर ओतली. मिनिटभरात साहेब स्वतःच म्हणाले, "बंद करा." चहा झाला, कप रिकामे झाले. मोगरामायनं कसलंही गाऱ्हाणं मांडलं नाही. साहेबांनीच शेवटी विचारलं, "मग तुमचं म्हणणं काय आहे?"

"ऊन काय तुमना हातमां नही, साहेब. मी फक्त सावली मांगी ऱ्हायनू."

कारंजं त्या दिवशीच गेलं असं मला वाटतं, जरी कागदावरून ते उतरायला आणखी दोन बैठका लागल्या. खरी अडचण पुढंच होती. घरांच्या छपरांवर निधी खर्च करायचा तर त्या घराचा उतारा लागतो, आणि वस्तीत उतारा कुणाकडंच नव्हता. लेखापालांनी नियम वाचून दाखवला. त्यांची चूक काहीच नव्हती. मी हे वस्तीत जाऊन सांगितलं तेव्हा बाया उठून जाऊ लागल्या. मोगरामायनं मात्र मला नियम पुन्हा वाचायला लावला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. शेवटी प्रात्यक्षिकांसाठी वेगळी तरतूद होती: ऊन परतवणारा पांढरा रंग छपरांना लावून लोकांना त्याचा उपयोग दाखवावा, असं काहीसं. तिनं विचारलं, "आनि दखाडाले उतारा लागस का?"

नव्हता लागत. मी ती ओळ चार वेळा वाचली होती आणि माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. आमच्या पालिकेनं मग 'प्रात्यक्षिक' म्हणून सगळ्या वस्तीचीच छपरं पांढरी केली. नळ, अंगणवाडी आणि नाला हे तर पालिकेचेच, त्यांना कुणाचा उतारा लागणार? नळावर शेड आली, अंगणवाडीवर चांगलं छत आलं. रंगाचे डबे आले तेव्हा पहिलं छप्पर मायचं, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. तिनं यादीत आपलं घर शेवटी लावून घेतलं. "मन्हं पहिलं कर्‍यं ते लोक म्हनतीन, मायनी सोताकरता भांडन कर्‍यं," ती म्हणाली.

सगळ्यात कठीण होता नाला. पावसाळ्यात तो तुंबायचा आणि पाणी घराघरांत शिरायचं, चुली विझायच्या, धान्य भिजायचं. त्याचं पात्र रुंद करायचं तर एका बाजूच्या घरांचे ओटे तोडावे लागणार होते. आता ओटा म्हणजे त्या घरांची अर्धी खोलीच. निजणं, निवडणं, पाहुण्यांचं बसणं, सगळं तिथंच. आम्ही खुणा करायला गेलो तर लोकांनी खुणा पुसल्या. लताबाई माझ्यापुढं उभी राहून म्हणाली, "आते सावली दिन्ही आनि ओटा लई जाई ऱ्हायनात?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. दोन आठवडे काम थांबलं. निधीची मुदत संपत आली होती. मार्चच्या आत काम सुरू झालं नाही तर पैसे परत जाणार होते. साहेब पोलीस बंदोबस्ताचं बोलू लागले, तेव्हा मात्र मी घाबरले आणि मोगरामायकडे धावले.

ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "पोलिस नको. सकायले ये."

सकाळी मी पोचले तर ती पहार घेऊन स्वतःचा ओटा फोडत होती. सत्तरीच्या घरातली बाई, पदर खोचलेला. शेजारी कमल तोंडाला पदर लावून उभी होती. मी पुढं होऊन पहार धरायला गेले, तर तिनं माझा हात बाजूला केला. तेव्हा कमल मला हळूच म्हणाली, "सासरासना हातना ओटा शे तो, ताई." तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे मायच्या नवऱ्यानं, दगड स्वतः वाहून आणून तो बांधला होता. आणि एका मे महिन्यात वीटभट्टीवरून परतल्यावर ते त्याच ओट्यावरून उठून आत पत्र्याखाली आडवे झाले, ते पुन्हा उठले नाहीत... उन्हानं गेले. इतक्या भेटींत, इतक्या बैठकांत तिनं हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. साहेबांसमोर चहा ठेवतानाही नाही.

लोक जमले. लताबाईही होती. मोगरामाय दम घ्यायला थांबली आणि तिच्याकडे पाहून म्हणाली, "ओटा मन्हा शे, पन पानी समदासनं शे, लता. ते येस तवय कोनंच घर वयखस नही." लताबाई घरात गेली आणि कुदळ घेऊन आली. दुपारपर्यंत त्या ओळीतले निम्मे ओटे उतरले होते. राहिलेल्यांना समजवायला आठवडा लागला, दोन घरं तर शेवटपर्यंत कुरकुरत राहिली. पण पोलिसांची गाडी वस्तीत आली नाही.

त्या पावसाळ्यात एकदा सलग तीन दिवस झड लागली. मी छत्री घेऊन गेले. नाला भरून धावत होता, गढूळ, आवाज करत, पण आपल्या पात्रातून. बाया दारांत उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. मोगरामायनं मला पाहिलं, पाण्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "दख, जाई ऱ्हायनं." एवढंच. मी बरीच कामं केली आहेत, उद्घाटनंही पाहिली आहेत. त्या तीन शब्दांसारखं समाधान मला पुन्हा मिळालेलं नाही. पुढं माझी बदली झाली. आता नव्या गावात प्रस्ताव करायला बसले, की मी आधी वस्तीत जाऊन घरं लिहून घेते, आणि नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. हे तिचंच देणं आहे. शेजारच्या वस्तीतल्या बाया आता कमलला घेऊन पालिकेत जातात, असं सुनीता सांगते. कमल कमी बोलते, पण काम झाल्याशिवाय तिथून उठत नाही म्हणे.

मागच्या आठवड्यात मी मायच्या घरी जाऊन आले. कमलनं सासूची खोली तशीच ठेवली आहे, म्हणजे दार उघडं. आत दोन माठ, पेला, भिंतीशी गुंडाळलेल्या चटया. उन्हाच्या वेळी वस्तीतलं कुणीही तिथं येऊन टेकतं, ही मायचीच रीत. आम्ही बोलत बसलो होतो, तेवढ्यात एक परगावची भांडी विकणारी बाई दारात आली. डोक्यावरची पाटी उतरवली, माठातलं पाणी प्यायली, चटई उलगडली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. कमलनं तिला काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही. थोड्या वेळात तिचा श्वास संथ झाला. आम्ही आवाज खाली आणला आणि पुढचं बोलणं कुजबुजत केलं.