टाच खाली

माझ्या एका हातात लगाम, दुसऱ्या हातात धान कापायचा विळा, आणि दिराचा डावा पाय वर रिकिबीत. बाकीचा तो खाली धसकटांत पडलेला. घोडीने त्याला धानाच्या तीन बांध्यांतून, मधल्या मातीच्या धुऱ्यांवर आपटत ओढत आणलं होतं. पाय रिकिबीला सायकलच्या ट्यूबने बांधलेला होता आणि तो त्यानेच बांधला होता. ट्यूब कापता कापता मी त्याला शिव्या देत होते. सावली गावापासून गडचिरोलीपर्यंत याच्याइतका हट्टी माणूस झाला नाही, आणि मी हट्टी माणसं पुष्कळ पाहिली आहेत.

ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातली नोकरी संपवून हा गावी आला, तेव्हा लोकांना वाटलं मोटारसायकल घेईल. याने वरातीची घोडी घेतली. नवरदेव गाडीतून यायला लागले म्हणून तिच्या मालकाने ती विकायला काढली होती. घोडी गरीब, पण एक शिकवण पक्की, पोटाला टाच लागली की नाचायचं. दिराची डावी मांडी तरुणपणी मोडून आखूड जुळली होती. तो पाय रिकिबीत ठरायचा नाही, निसटून टाच तिच्या पोटाला लागायची. मग ती बाजारात नाचली, एसटीसमोर नाचली, एकदा मयतीच्या मागेही नाचली. लोक मारायला धावले, तर हा त्यांनाच समजावत बसला की चूक घोडीची नाही, पायाची आहे.

मग टाच खाली दाबून रिकिबीत ठरायचं वळण त्या पायाला लावायचा त्याने ध्यास घेतला. रिकिबीचा डावा पट्टा दोन भोकं वर घेतला. चपलेचं रबर तिरकं कापून रिकिबीत बसवलं, ते दवाने घसरायला लागलं म्हणून त्यावर पोत्याचा तुकडा शिवला. संध्याकाळी धानाच्या पोत्यांवर मांड ठोकून मला विचारायचा, "वैनी, पाहा बरं, टाच खाली हाये का?" मी चुलीजवळून म्हणायची, "टाच खालीच हाये भाऊजी, डोस्कं कुठी गेलं ते पाहा."

चंद्रपूरला एका खोगीरवाल्याने त्याला वेगळी रिकीब दाखवली. तिच्या एका बाजूला लोखंडाऐवजी रबर असतं. माणूस पडला की रबर निघतं आणि पाय मोकळा होतो. हा ती न घेताच आला. "सुटाची रिकीब काऊन घेऊ वैनी? माहा पाय तर आधीच सुटून राह्यला." मी घ्या म्हटलं नाही. मलाही त्याचं म्हणणं बरोबर वाटलं. दुसऱ्या दिवसापासून ट्यूब आली.

आठ दिवस घोडी नाचली नाही. तो ताठ बसून गावातून फिरला. नवव्या दिवशी मला दाखवायला शेतावर आला, आणि तुरीतून रानडुक्कर निघालं. घोडी बाजूला उडाली, हा डावीकडे पडला, डावा पाय वरच राहिला.

ट्यूब तुटली तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. तोंडात माती होती. ती मी बोटाने काढली.

"वैनी," तो म्हणाला, "टाच खालीच होती ना?"

"होती," मी म्हटलं.

गडचिरोलीच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी तो गेला. घोडी वाचली. ती माझ्या दारात आहे.