परभणीतल्या तीन कवळ्या

दातांच्या डॉक्टरकडे किस्से फार लवकर साठतात. पेशंटला आपण अर्धा तास तोंड उघडून बसवतो, त्याला बोलायचं तर खूप असतं, आणि आपण हात बाजूला घेतला की ते सगळं एकदम बाहेर येतं. माझ्याकडचे निम्मे किस्से परभणीच्या दोन महिन्यांतले आहेत. विषय कवळ्यांचा निघाला म्हणून आठवले.

परभणी तेव्हा नुकतीच मुंबई राज्यात आली होती. मी मुंबईच्या डेंटल कॉलेजातून शेवटची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो. पुढं स्पेशल शिक्षण घेऊ म्हणणाऱ्यांना आमच्या सरांची एक अट होती. निकाल लागेपर्यंत एखाद्या जिल्ह्याच्या गावी डॉक्टरच्या हाताखाली राहा, आणि परत येऊन विषय सांगा. माझा विषय ठरलेलाच होता. सर्जरी! कवळ्या करणं मला सुतारकाम वाटायचं.

हे मी डॉक्टर जिंतूरकरांना पहिल्याच दिवशी ऐटीत सांगितलं. दवाखाना त्यांचा. ते चहा पीत होते.

"वा, सर्जन," ते म्हणाले. "मग पक्कड देतो की हातात. पण आधी एक कवळी कर. पेशंट रोज वापरेल अशी. ती झाली की दात काढायला सुरुवात."

मला वाटलं, आठवड्याचं काम आहे.

---

पहिली कवळी कचेरीतल्या एका कारकुनाची. जन्मभर उर्दूत कागद लिहिले आणि आता उतारवयात मराठीत लिहावे लागतात, म्हणून ते साऱ्या जगावर चिडलेले. बोलायला लागले की थांबत नसत. दवाखान्यात बायको सोबत होती, ती नुसती जमिनीकडे बघत बसायची.

जबड्याचा ठसा तेव्हा प्लास्टरचा घ्यायचो. मी ते जरा जास्तच भरलं आणि ते तोंडातच घट्ट बसलं. निघेना. मला घाम फुटला. आमचे कंपाउंडर हमीदभाई शांतपणे जवळ आले. "घाबरू नक्को साब. आत्ता फोडून काढू."

तेवढ्यात बाई पहिल्यांदा बोलल्या. "घाई न्हाई डॉक्टरसाब. राहू द्या की जरा येळ."

कवळी मात्र सुरेख झाली. पंधरा दिवसांनी कारकून बाजारात भेटले, तर तोंडाचं बोळकं.

"कवळी?"

त्यांनी कोटाच्या वरच्या खिशावर हात ठेवला. "हाय ना. दौऱ्यावर साहेब आले की लावतो. जेवताना कशाला झिजवायची चांगली वस्तू?"

डॉक्टर म्हणाले, "ही काही हिशेबात धरता येत नाही, सर्जन."

---

दुसरी गंगाखेडच्या एका भटजींची. ते म्हणाले, "हे कशाचं आहे ते आधी सांगा. हाडाचं, कातड्याचं काही चालणार नाही मला." मी त्यांना अ‍ॅक्रिलिकचं सगळं रसायनशास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, पटलं.

ते एस.टी.नं घरी गेले आणि चार दिवसांत परत आले. उपरण्याच्या टोकाला बांधलेली कवळी सोडून त्यांनी टेबलावर ठेवली. उन्हात राहिलेल्या पापडासारखी ती एका बाजूनं वर आली होती.

"काय केलंत हिचं?"

"काही नाही हो. घालायच्या आधी शुद्ध करून घेतली. आमच्या गावच्या गंगेचं पाणी आणलं, उकळलं, आणि आत सोडली." ते हळहळत म्हणाले, "हिला गंगा मानवली नाही."

त्यांना दुसरी कवळी डॉक्टरांनीच करून दिली. देताना बजावलं, "गंगा गार असताना घाला."

माझा दीड महिना संपला होता, आणि पक्कड मी फक्त धुऊन पुसून ठेवत होतो. वाईट वाटायचं. परत जाऊन सरांना काय सांगणार होतो, की मला सर्जन व्हायचंय पण एकही दात काढलेला नाही?

---

तिसरे सटवाजीबाबा, झरीकडचे मेंढपाळ. त्यांचे पुढचे हलणारे दात डॉक्टरांनी काढले होते. त्यांची कवळी मी जीव लावून केली. ते तिसऱ्याच दिवशी आले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि कवळी बाहेर काढली.

"दिसायला लय चांगली हाय. भाकर बी चावायलोय. पर शिट्टी निघंना गेलीय."

"शिट्टी?"

"मेंढरं वळवायची कशी? पोरगं आरडायलंय, पर मेंढरं त्याचं ऐकंना गेलेत. परवा लोकाच्या ज्वारीत शिरले. गाव म्हनायलंय, आजून एकदा शिरले तर ह्या शिवारात बसू देनार न्हाई. आमी जावं कुठं मग?"

आमच्या एकाही पुस्तकात शिट्टीचा धडा नव्हता. त्या रात्री मी आरशासमोर उभा राहून शिट्टी वाजवत माझीच जीभ बघत बसलो. वरच्या दातांमागं ती टेकते, तिथंच मी कवळी जाड ठेवली होती. सकाळी कानशीनं घासली. बाबांनी फुंकर मारली. वाजली!

"हौ साब, वाजली," हमीदभाई म्हणाले.

बाबांनी मान हलवली. "वाजली. पर ही माजी न्हाई. मेंढरं वळखनार न्हाईत."

मग रोज तेच सुरू झालं. ते यायचे, मी घासायचो, ते वाजवायचे आणि मान हलवायचे. आठवडाभरात हमीदभाईही चहा गाळताना शिट्टी वाजवू लागले. डॉक्टर वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "सर्जन, तिकडं दात किडतायत."

---

माझी मुंबईची गाडी संध्याकाळी होती. त्या सकाळी बाबा मेंढरं घेऊनच आले. कळप पलीकडच्या मोकळ्या मैदानात पोराजवळ सोडला आणि खुर्चीत येऊन बसले. बाकावर गाल सुजलेला एक पेशंट कण्हत होता.

मी दातांमागं शेवटचे दोन हात फिरवले, कवळी धुतली आणि बसवली. बाबांनी ओठ पुसले, दाराकडे तोंड केलं आणि शिट्टी घातली.

बाहेर काही क्षण काहीच झालं नाही. मग रस्त्यावर सायकलच्या घंट्या वाजू लागल्या, कुणीतरी शिवी हासडली, आणि पहिली मेंढी पायरी चढून आत आली. तिच्यामागून सगळा कळपच. हमीदभाई प्लास्टरचा डबा डोक्यावर धरून भिंतीला चिकटले. बाबा खुर्चीत बसून मेंढ्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते.

डॉक्टरांनी पाय स्टुलावर घेतले आणि ट्रेमधली पक्कड उचलून माझ्यापुढं धरली. "घे, सर्जन. कवळी पास. बाकावरचा पेशंट तुझा."

मी पक्कड हातात घेतली. चांगली वजनदार होती. मग ती ट्रेमध्ये ठेवली आणि कानस उचलली.

"बाबा, तोंड उघडा जरा. शिट्टीच्या शेवटी हवा निसटतीय."

मेंढरांच्या मधून गाल धरलेला माणूस म्हणाला, "आन् माजा दात?"