तिनं सांगितलेले रंग

आम्ही नवरा-बायकोनं शेवटचं काय केलं, तर सिनेमा पाहिला. दुपारचं जेवण झालं, तिनं भांडी विसळून टोपल्यात उपडी घातली आणि टीव्हीसमोर फतकल मारून बसली. आवाज बंद. आमचा सिनेमा असाच असायचा. भाषा परदेशातली, खाली इंग्रजी अक्षरं, दोघांनाही त्यातलं काही समजत नाही. मग आवाज कशाला?

नुसतं पांढरं मिठाचं मैदान होतं आणि त्यातून माणसं डोक्यावर दारं घेऊन चालली होती. घराची दारं, उखडून आणलेली.

"पहिलं निळं हाये," ती म्हणाली.

"ते दिसते मले."

"मंग दुसरं लाल. डाळिंबाच्या दाण्यावानी नाई, सालीवानी. तिसरं हिरवं, कवळ्या मुगाच्या शेंगेचं."

"अन् चवथं?"

"चवथंवाला खाली बसला. दमला बिचारा. थांबा जरा, उठू द्या त्याले."

मी पेंटर आहे. पाट्या रंगवणारा. शाळा चौथीपर्यंत, पण माझं अक्षर पाहून मास्तर लोक थांबत. धाडच्या बाजारात, देऊळघाटात, पार खामगावपर्यंत माझ्या हातच्या पाट्या लागल्या. आणि मला लाल आणि हिरवा वेगळा ओळखू येत नाही. दोन्ही मातकटच दिसतात. निळा, पिवळा पक्का कळतो. ही गोष्ट एकाच माणसाला माहीत होती, आणि ते माणूस माझ्या शेजारी बसून दारं मोजत होतं.

लग्नानंतर महिन्याभरात तिनं ओळखलं. पिकलेले टमाटे आण म्हणाली, मी तीनदा कच्चे आणले. चौथ्यांदा ती स्वतःच गेली. दुसऱ्या दिवशी डबा बांधून माझ्यासंगं कामावर आली. तेव्हापासून मी शिडीवर, ती शिडीखाली. मी रंगाचं नाव घेऊन हात खाली करायचो, ती डबा द्यायची. रंग कालवायचीही तीच. बाजारातले दोस्त टोमणे मारत, "एखांद्या दिवशी तं बायकोले घरी ठेव बे!" मी म्हणे, "तुही बायको येत नाई म्हणून जळून राह्यला काय बे?"

ती बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा पितळ उघडं पडता पडता राहिलं. एका ज्यूसवाल्याच्या पाटीवर कापलेलं टरबूज काढायचं होतं. डब्यांची रंगाचं नाव लिहिलेली झाकणं अदलाबदल झाली होती. मी आतून हिरवं आणि बाहेरून लाल टरबूज काढून खाली उतरलो, आणि लांब उभा राहून कौतुकानं पाहत राहिलो. ज्यूसवाला आला. "काय काढलं बे हे? हे खाऊन लोक दवाखान्यात जातीन!" मी म्हटलं, "हा अस्तराचा हात हाये. खरा रंग याच्यावर बसते." आणि त्यालाच विचारलं, "सांग, तुले लाल कोणता पाह्यजे?" त्यानं बोट दाखवलं तो डबा उचलला. मोठा कारागीर म्हणून दोन गिलास रस पाजला त्यानं.

पुढं फ्लेक्स आले आणि ब्रशचं काम संपलं. तेव्हाच्या बाळंतपणातली आमची पोरगी कॉम्प्युटरवर डिझाईन शिकली, बुलढाण्यात तिनं दुकान टाकलं. तिला शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं म्हणे, की डिझाईनवाल्यानं असे सिनेमे पाहावेत ज्यांतलं कुठलंही चित्र थांबवून भिंतीवर लावता येईल. गोष्ट समजली नाही तरी चालते. ती पेन ड्राईव्हमध्ये भरून द्यायची. एका सिनेमात उंच घर होतं, प्रत्येक मजला एका रंगाचा, आणि राहणारेही त्याच रंगाचे कपडे घालत. "भिंतीले मॅचिंग नेसते ही बाई," आमची म्हणाली, "हिले दुसरा धंदाच नाई." दुसऱ्या एकात बर्फच बर्फ आणि एक बाई छत्री घेऊन उभी. मला छत्री काळपट दिसली. ती म्हणाली, "लालभडक हाये हो. डोळ्याले झोंबते." मग म्हणाली, "तुमाले हे दिसत नाई, याचंच वाईट वाटते मले."

एक सिनेमा मात्र माझा होता. पिवळी भिंत, तिच्यावर निळी सावली, बास. तिथं तिला काही सांगावं लागलं नाही. मी तिला सांगत होतो, ती ऐकत होती.

पोरगी फोन करायची. "बाबा, कोणता रंग डोळ्यात भरला?" ही कानात सांगायची, मी फोनवर बोलायचो. त्यावरून पोरगी लग्नाच्या पत्रिका करायची, मिठाईवाल्यांच्या पाट्या करायची. गिऱ्हाइकांना सांगायची, रंगाची नजर मला बाबांकडून आली. ते ऐकलं की मी खाली पाहायचो.

त्या दुपारीही तिनं तोच विषय काढला.

"पोरीले सांगून टाका ना आता."

"कायले? हसन ते."

"हसली तं हसू द्या. मी काय जन्माले पुरणार हाये? मांगून कोण सांगन तुमाले?"

"तू कुठं चालली?"

"कुठं नाई. चवथं दार पिवळं हाये, पाहा."

ते मला दिसतच होतं. दिवेलागणीला ती दिवा लावायला उठली आणि देवळीपाशीच मटकन खाली बसली. दवाखान्याची गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

सकाळी पोरगी आली, गल्लीतल्या बाया जमल्या. सवाष्ण गेली, तर तिला हिरवं लुगडं नेसवतात. ते माहेरचं असावं, पण तिच्या माहेरी कोणी उरलं नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, "तूच काढून दे बापा. नवऱ्याच्या हातचं चालते."

मी आत जाऊन कपाट उघडलं. वरच दोन लुगडी होती, दोन्ही काठाची, दोन्ही जरीची. एक हिरवं असणार. वास घेतला, दोन्हीला तिचाच वास. उजेडात नेली, तरी तेच. बाहेरून हाक आली, "झालं काय?" पोरीला आत बोलावून म्हणता आलं असतं, माझ्यानं पाहवत नाही, तूच घे. कोणी शंका घेतली नसती. जन्मभर मी हेच केलं होतं.

दोन्ही घेऊन बाहेर आलो. सगळ्यांसमोर उभा राहिलो.

"याच्यातलं हिरवं कोणतं?"

पोरगी उठली. "बाबा, तुम्ही बसा. डोळ्यात पाणी हाये तुमच्या, दिसत नसन."

"पाण्याचं नाई. मले लाल-हिरवं कधीच कळलं नाई. जन्मापासून. तुही माय सांगे, मी रंगवे. फोनवर सांगे तेही तिचंच."

म्हातारी तोंडाला पदर लावून माझ्याकडे पाहत राहिली. पोरगी हसली नाही. मग तिनं माझ्या डाव्या हातातलं लुगडं घेतलं, घडी मोडली, आणि एक टोक माझ्या हातात दिलं.

"हे हिरवं हाये बाबा. धरा."

मी धरलं.