आमची मोटर जळाली तेव्हा

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा गावात पेढे वाटले गेले. वडील कारकून, नांदेडहून नव्या कचेरीत बदलून आले. गावाबाहेरच्या वसाहतीत आम्ही दोन खोल्या बांधल्या आणि अंगणात बोअर घेतला. कचेऱ्यांवर जिल्ह्याच्या पाट्या चढल्या, पाणी मात्र तालुका असताना होतं तेवढंही राहिलं नाही. पावसानं लागोपाठ दगा दिला, नळातून नुसती हवा यायला लागली. आमच्या गल्लीत पाणी होतं ते एका आमच्या बोअरला.

आम्ही बौद्ध. आईचं माहेर कंधारकडच्या खेड्यातलं. लहानपणी तिला गावच्या विहिरीच्या काठावर पाय ठेवता आला नव्हता. लांब घागर मांडायची आणि कुणाला तरी दया येऊन तो वरून पाणी ओतेपर्यंत उभं राहायचं. आता तिच्याच दारात बायांची रांग लागत होती. शेजारी तेलाच्या व्यापाऱ्याचं घर होतं. त्याची बायको, कपाळाला विभूती, आमच्या नळाखाली कळशी धरून म्हणायची, "वहिनी, तुमच्या पाण्याला लई गोडी हाय." त्या दिवसांत आईची चालच बदलली होती. बोअरचं तिला फारसं काही नव्हतं, अप्रूप होतं ते त्या रांगेचं. आपल्या दारातून कुणी रिकाम्या हातानं जाऊ नये, हा तिनं हट्टच धरला होता.

विजेला धरबंद नव्हता. ती कधी येईल आणि किती टिकेल, याचा नेम नसायचा. मग आईनं शेतातल्या लोकांची युक्ती केली. स्टार्टरचं बटण आत दाबून तिथं बाभळीची काडी खोचून ठेवली, म्हणजे वीज आली की मोटर आपोआप सुरू. मोटरवर ताण आला की स्टार्टरनं बंद पडायचं असतं. काडी त्याला पडू देत नाही. आमच्याकडं अशा काड्या घरोघर आहेत, आणि जळालेल्या मोटरीही.

एका दुपारी आई मुदखेडच्या मावशीकडून परतली, तर घरात करपल्याचा वास. बोअरचं पाणी केव्हाच खाली गेलं होतं आणि मोटर कोरडीच फिरत राहिली होती. रांगेतल्या बाया अंगणात उभ्या होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "मघापासून नुसता आवाज यायलाय, पाणी न्हाई." मघापासून! बंद करायचं मात्र एकीलाही सुचलं नव्हतं. मला त्याचा आजही राग येतो.

मेस्त्री आला. मोटर वर ओढायला त्यानं बोअरवर लोखंडी तिपाई उभी केली, साखळी लावली. एकेक पाइप वर यायचा, पान्ह्यानं सुटायचा, अंगणात आडवा व्हायचा. ओढायला गल्लीतले पुरुष आले होते, तेलवालेही. शेवटी मोटर वर आली, काळी पडलेली. मेस्त्री म्हणाला, "वाइंडिंग गेलंय. भरून देतो, पण खाली पाणी हाय का ते कुणी सांगावं?" ते ऐकल्यावर पुरुष हात झटकून आपापल्या घरी गेले.

वाइंडिंग भरून मोटर पुन्हा सोडली. गुळण्या टाकल्यागत थोडा चिखल आला आणि तोही थांबला. बोअर आटला होता. दुसऱ्या दिवशी अंगणात कुणी आलं नाही. तरी आई सकाळी अंगण झाडून ठेवायची.

त्याच सुमाराला तेलवाल्यांनी परसातल्या आडाचा गाळ काढून तो खोल केला आणि नशिबानं झरा मोकळा झाला. रांग तिकडं वळली. आई तीन-चार दिवस थांबली. मग घागर घेतली, नवा दोर घेतला, पोहराही स्वतःचा घेतला. कुणाच्या वस्तूला हात लावायची वेळच येऊ नये, असा तिचा हिशेब. मी तिच्याबरोबर गेले.

आडावर बाया पाणी शेंदत होत्या. आमच्याच नळावर महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या. आईनं दोराला पोहरा बांधला आणि काठाकडं पाऊल टाकलं. तेलवाल्यांची बायको चटकन पुढं आली. आवाज अगदी मायेचा.

"राहू द्या वहिनी, तुम्ही कशाला तरास घेता? घागर ठिवा तिकडं. मी वतते."

बाकीच्या बायांनी दोर थांबवले. मला वाटलं, आई आता काहीतरी बोलेल. तिनं घागर खाली ठेवली. बाईनं पोहरा उंच धरून ओतला, घागरीला न लागता. अर्धं पाणी आईच्या पायांवर सांडलं.

घरी आल्यावर मीच वडिलांना सगळं सांगितलं. ते ताडकन उठले, पायांत चपला सरकवल्या. "आत्ता जातो. आमच्या बोअरचं पाणी गोड लागत होतं तवा त्या न्हाई बाटल्या?"

आई दारात आडवी आली. "जावा. भांडा. अन् मग प्याल काय? लेकराला काय पाजू?"

वडील खाली बसले. तिनं पेला भरून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी पायांतल्या चपला काढल्या आणि मग ते प्याले. मीही प्याले, तहान लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पुन्हा आडावर गेली. दोर आणि पोहरा तिनं घरीच ठेवले होते.