केशरबाईंचे पस्तान आणि एलियाचा होल्डॉल

दिनांक १२ जानेवारी १९७२. रुपये एकवीस, पैसे पासष्ट. बेलापूर स्टेशन ते झाशी, तिसऱ्या वर्गाचे एक तिकीट. बेलापूर स्टेशन नावाला आमचे, पण आहे श्रीरामपुरात. सोसायटीच्या कामाने मी तिथे गेलो होतो, तेव्हा ते काढून आणले आणि संध्याकाळी केशरबाईंच्या हाती दिले. त्यांनी ते उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "एवढंच? ह्याच्यावर एवढ्या लांब सोडतेत व्हय?"

केशरबाई आमच्या बेलापुरात गोधड्या शिवतात. त्यांचा एकुलता भीमा फौजेत. डिसेंबरच्या लढाईत सुरुंगाने त्याचा पाय गेल्यात जमा होता आणि त्याला झाशीच्या लष्करी इस्पितळात ठेवले होते. पत्र आले, की सोमवारी, सतरा तारखेला, पाय गुडघ्याखाली कापणार. त्याच्या आत आईला एकदा बघायचे आहे. श्रीरामपूरचा एक जवान रजा संपवून शनिवारी दुपारच्या पॅसेंजरने मनमाडला आणि तिथून पुढे निघणार होता. तो झाशीपर्यंत सोबत द्यायला तयार झाला. बाई नगरच्या पलीकडे कधी गेलेल्या नव्हत्या. म्हणजे शनिवार चुकला की सगळेच चुकले.

सामान बांधायला अर्थातच एलिया वाघमारे आला. मुद्दाम लिहावे असा माणूस तोच.

एलियाने बावीस वर्षे फौजेच्या मालखात्यात काढली. परत आल्यावर तो आठवड्याला श्रीरामपूरपर्यंत सायकलने जाई, त्यापलीकडे नाही. पण तेवढ्यासाठीही सायकलला पाण्याची पिशवी, बॅटरी, दोरी आणि चाकू बांधलेला असे. गावात कोणी मुंबईला निघो की मुलीच्या बाळंतपणाला निघो, होल्डॉल बांधायला एलियाच. "माणूस प्रवासानं दमत न्हाई, सामानानं दमतो," असे तो म्हणे. रात्री लागेल ते वर, सकाळी लागेल ते बाजूच्या कप्प्यात. साबण तंबाखूच्या डबीत. पाणी फिरकीच्या तांब्यात, म्हणजे गाडीच्या हिसक्याने सांडत नाही. बाकाखाली सामानाला साखळी-कुलूप आणि किल्ली गळ्यात. थंडी असेल तर लुगड्याच्या आत पाठीशी वर्तमानपत्राची घडी. आम्ही हसायचो, पण त्याने बांधलेला होल्डॉल मुक्कामी पोचेपर्यंत कधी सुटल्याचे ऐकले नाही.

केशरबाईंचा दीर गहिनीनाथ याने मात्र कॅलेंडर काढले. शुक्रवारी संक्रांत, शनिवारी कर. करीच्या दिवशी आमच्याकडे कोणी गाव सोडत नाही. त्यावर तोड म्हणजे पस्तान. चांगल्या दिवशी एक गाठोडे जायच्या वाटेवरच्या कोणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचे. प्रवास त्या दिवशी सुरू झाला असे धरतात, माणूस मागाहून निघाले तरी चालते. अट एकच, ते गाठोडे पुन्हा घरी येता कामा नये. गुरुवारी गहिनीनाथने असे गाठोडे एलियाच्या घरी नेले, कारण स्टेशनच्या रस्त्यावर शेवटचे घर त्याचे. "हे ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. शनवारी जाताना उचलू," एवढेच तो बोलला. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट कोण समजावून सांगणार? पण एलिया मिशनच्या आवारात वाढलेला, पुढचा जन्म फौजेत. त्याने ते सामान समजून घेतले, आणि सामान म्हटल्यावर सोडले.

आत एक लुगडे, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि सव्वा रुपया. असे बांधतात का, म्हणून त्याला वाईट वाटले. लुगडे गुंडाळून होल्डॉलमध्ये. तांदूळ डब्यात. सव्वा रुपया त्याने माझ्याकडे आणून दिला, कारण बाईंच्या वाटखर्चाची जुळणी मी करत होतो. सुपारी आणि हळकुंडाचा गाडीत उपयोग नाही, म्हणून ती त्याने खिडकीत ठेवली. आणि शुक्रवारी होल्डॉल सायकलवर घालून केशरबाईंकडे पोचता केला. "उघडू नका. वर मोकळं सोडलंय, भीमासाठी शिवलेली गोधडी तेवढी सारा."

शनिवारी मी एलियाच्या ओट्यावर बसलो होतो. रस्त्यावर टांगा उभा होता. गहिनीनाथ डोक्यावर होल्डॉल घेऊन आला, मागे केशरबाई.

"द्या पस्तान," गहिनीनाथ म्हणाला.

"काय द्यू?"

"बेस्तरवारी ठिवलेलं गाठोडं."

"ते व्हय? ते तुमच्या डोक्यावर हाय की. कालच घरी पोच केलं."

गहिनीनाथने होल्डॉल असा खाली टाकला, जसा काही तो तापला होता. "घरी? पस्तान घरी आणलं? वैनी, चला माघारी! निघालेलं माघारी आलं आन् करीला पुन्हा निघालं. आता मंगळवारबिगर न्हाई."

"मंगळवारी पाय ऱ्हाईल का त्याचा?" केशरबाई म्हणाल्या. त्या हलल्या नाहीत, पण पुढेही येईनात.

एलिया माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला पस्तान म्हणजे काय ते सांगितले. त्याने ते ऐकून घेतले आणि विचारले, "पण ह्यातलं पस्तान कोणतं? लुगडं, तांदूळ का फडकं?"

मलाही सांगता येईना. आई असताना आमच्या घरी हे होत असे, पण नेमके काय निघते आणि काय मागे राहते, हे मी कधी विचारले नव्हते. गहिनीनाथ म्हणाला, "लुगडं." मग म्हणाला, "सगळंच." मग डोके खाजवू लागला. टांगेवाल्याने आवाज दिला.

"सुपारी कुठं हाय?" केशरबाईंनी विचारले.

एलियाने खिडकीकडे बोट केले. सुपारी आणि हळकुंड तिथेच होते.

"ही घरी आली न्हाई?"

"न्हाई. हितनं हाललीच न्हाई."

केशरबाई ओट्यावर चढल्या, सुपारी उचलून कनवटीला लावली. "मग मी बेस्तरवारीच निघालेय, भाऊजी. आज निघालंय ते हे." त्यांनी होल्डॉलकडे पाहिले. "हे माझं सामानच न्हवं. हितंच ऱ्हाऊ द्या."

"अहो बाई, समदं त्यात हाय!" एलिया ओरडला. "तांब्या, साखळी, कांबळं. थंडीनं मराल!"

"गोधडी पण त्यातच हाय, एलियाभाऊ," त्या म्हणाल्या. एकदा त्यांचा हात होल्डॉलच्या पट्ट्यापर्यंत गेला. मग त्यांनी तो पदरात घेतला.

एलिया घरात धावला. खाटेवरचे स्वतःचे फौजी कांबळे, प्यायचा तांब्या, फडताळातल्या चार भाकरी, कालचा तिळगूळ, सगळे त्याने एका साखरेच्या पोत्यात कोंबले. वर काय, खाली काय, काही पाहिले नाही. गाठ बसेना, म्हणून शेवटी ती मी मारली. "हे तर माझ्या घरातलंय. हे चालंल का, गहिनीनाथराव?" त्याने विचारले. गहिनीनाथ म्हणाला, "मला आता काय बी विचारू नका."

बाई रविवारी पोचल्या. भीमाच्या हातचे पत्र आले: आईला वाटेत लई थंडी वाजली, तांब्या भुसावळला लवंडला, पण ती आली. सोमवारी मला आत नेलं तेव्हा ती दाराशी होती. पाय गेला. तिने आणलेलं कांबळं आमच्या इथल्यासारखंच आहे, त्यामुळे नर्स ते परत देईना.

गोधडी आम्ही पार्सलने पाठवली. होल्डॉल एलियाने स्वतः सोडला आणि महिनाभर तसाच पसरून ठेवला. गहिनीनाथ म्हणतो, करीला निघाली म्हणून पाय गेला. केशरबाई म्हणतात, सुपारी निघाली म्हणून पोरगा राहिला. एलिया आता कोणाचेही गाठोडे आले की आधी विचारतो, "हे सामान हाय का पस्तान?" आणि उत्तर आल्यावरही पुन्हा एकदा विचारतो. मी मात्र गहिनीनाथचेही ऐकतो, केशरबाईंचेही ऐकतो आणि काही ठरवू शकत नाही.

त्या गाठोड्यातला सव्वा रुपया त्या गडबडीत माझ्या खिशातच राहिला. केशरबाई परत आल्यावर द्यायला गेलो, तर पस्तानाचा पैसा घरात घ्यायचा नाही, म्हणाल्या. त्यांचा सव्वा रुपया मी अजून देणे लागतो.