खोका, भोंगा आणि तेरणेचं पात्र

"सर, टायटॅनियमचा ट्वीटर, कार्बन फायबरचा कोन," सेल्समन आपल्या स्पीकरचं कौतुक सांगत होता.

आम्ही तेरणा नदीच्या कोरड्या पात्रात उभे होतो. धरणातून पाणी सोडण्याआधी इथल्या माणसांना सावध करायला ग्रामपंचायत स्पीकर घेणार होती. मी रेडिओ केंद्रातून निवृत्त झालेला इंजिनिअर, तपासायला बोलावलेला. वर पंचायतीच्या छतावर सरपंचबाई आणि दोन स्पीकर: निळ्या दिव्यांचा सेल्समनचा खोका, आणि मी मागवलेला पत्र्याचा भोंगा.

खोक्यावर भीमगीत लागलं. शेळ्या चारणाऱ्या कौसाबाई डोलल्या. "लई भारी!"

सरपंचबाईंचा फोन आला. "मग घ्यायचा ना?"

मला संशय होता. गाणं सगळ्यांना पाठ. पाठ असलेलं ऐकू येतंच.

मीटर लावला. खोक्याचा आवाज भोंग्याहून मोठा भरला. सेल्समन हसला. पण जोर म्हणजे स्पष्टपणा नव्हे. शब्द कळतात ते मुख्यतः क, च, ट, स अशा व्यंजनांमुळे, आणि ती वरच्या पट्टीत असतात. लॅपटॉपवरच्या आलेखात खोक्याची नेमकी तीच पट्टी दबली होती. सगळा जोर खाली, ढोलाच्या पट्टीत.

"आलेख आमाला काय कळतोय?" कौसाबाई म्हणाल्या. "मागं पाणी सोडलं तवा जुना स्पीकर बी असाच घुमला. म्या म्हणलं, लशीचं सांगत असत्याल. पाणी गुडघ्याला लागलं तवा पळाले. दोन शेळ्या गेल्या."

मी सरपंचबाईंना म्हणालो, "आम्हाला काहीतरी करायला सांगा. काय ते आधी कळवू नका."

खोका घुमला. कौसाबाई खाली बसल्या. सेल्समनने हात वर केला. हुकूम टाळ्या वाजवायचा होता, हे मागून फोनवर कळलं.

मग भोंगा बोलला, "डोक्यावर हात ठेवा!" तिघांचेही हात डोक्यावर. सेल्समनचे सगळ्यात आधी.

"साहेब, भोंगेवाला तुमचा पाव्हणा तर न्हाय?" सरपंचबाईंनी विचारलं. रास्त प्रश्न. मी वर जाऊन भोंग्याचाही आलेख दाखवला: गाण्याला भिकार, बोलण्याला चोख.

पंचायतीने भोंगेच बसवले. पुढच्या वेळी पाणी सुटलं, तेव्हा कौसाबाई सगळ्या शेळ्यांसकट आधीच काठावर होत्या.

स्पीकर कशाचा बनलाय हे विचारू नये; सगळ्यात लांबच्या माणसाला काय कळलं, ते विचारावं. हल्ली सरपंचबाईंच्या दिराच्या वाढदिवसाच्या शुभेच्छाही पात्रात शब्दन्‌शब्द कळतात. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.