जुनी आवृत्ती मी बंद केली

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळत होते. लॅबमध्ये एक सर्व्हर होता. टाइमटेबल, नोटिसा, अंतर्गत परीक्षांचे गुण, सगळं त्याच्यावर; मुलं कुठल्याही मशीनवर बसून ते बघायची. तो चालवणारं सॉफ्टवेअर फुकटचं, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं आणि कोणीही उघडून वाचावं असं होतं. आमच्या विभागप्रमुखांनी ते पुण्याहून फ्लॉपींवर आणून स्वतः बसवलेलं. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि तो रास्तच होता. मीही ते त्यांच्याकडूनच शिकले.

ते लिहिणाऱ्यांचे निरोप ईमेलवर यायचे. पुण्याला एसटीडी लावून मी ते मोडेमवरून उतरवून घ्यायची. एकदा निरोप आला, की आमच्याकडची आवृत्ती आता बंद करावी, तिची दुरुस्ती यापुढे कोणी करणार नाही, नवी घ्यावी. कारणही दिलं होतं. पान उघडायचा पत्ता जरा वाकडा लिहिला, की हा सर्व्हर दाखवू नयेत अशा फाइलीही दाखवून टाकायचा.

मी करून पाहिलं. मुलांच्या मशीनवर बसून तसा वाकडा पत्ता लिहिला, आणि अजून न झालेल्या परीक्षेचा पेपर समोर उघडला.

विभागप्रमुख सरांना बोलावून दाखवलं. ते पडद्यावरून माझ्याकडे वळले.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"लिहिणाऱ्यांनीच जाहीर केलंय, सर. आता सगळ्या जगाला माहीत आहे."

"नगरमध्ये कोणाला माहीत आहे? तुम्हाला. तुम्ही गप्प बसलात की प्रश्न मिटला."

"मी गप्प बसल्यानं भोक कसं बुजेल?"

"मॅडम, चालतंय ना? मग हात लावायचा नाही."

पेपर तेवढे त्यांनी तिथून हलवले. गुण तिथेच राहिले, आणि सगळ्यांचे पासवर्डही. पुढचे दिवस मी रोज विचारत होते, आणि ते रोज 'परीक्षा झाल्यावर बघू' म्हणत होते. परीक्षा झाल्या. मग निकाल लागल्यावर बघायचं ठरलं.

सावेडीतल्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा आई माझ्याजवळ असायची. मूळची नेवाशाकडची. कॉम्प्युटर तिनं पाहिलेला नव्हता, पण मी जेवत नाहीये हे तिला दिसत होतं. मी सगळं सांगितलं.

"नोकरी जाईल का गं तुजी?"

"जाऊ शकते."

"मग जाऊ दी. पर चोरून नगं करू काई."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर, मी सरांना म्हणाले, "शनिवारी दुपारी मी जुनी आवृत्ती बंद करून नवी बसवणार आहे. नको असेल तर लॅबला कुलूप लावा."

शनिवारी लॅब उघडी होती. मी जुनी थांबवली, नवी बसवली, तोच वाकडा पत्ता लिहून पाहिला. आता काहीच उघडलं नाही. एकटीच होते, तरी मोठ्यानं हसले.

सोमवारी मात्र गुणांचं पान कोरं आलं. सरांनी त्यासाठी लिहिलेला प्रोग्राम जुन्या आवृत्तीच्याच ढिलाईवर चालत होता. नव्या आवृत्तीनं तो अडवला. दारात मुलांची गर्दी झाली आणि प्राचार्यांनी आम्हाला दोघांना बोलावलं.

"जुनं परत लावा," प्राचार्य म्हणाले.

"मी लावणार नाही."

"काय म्हणालात?"

"माझ्या हातून ते होणार नाही, सर. दुसऱ्या कोणी लावलं, तर उद्या पासवर्ड चोरून कोणाचे गुण बदलले गेल्यास जबाबदार कोण, ते आत्ताच ठरवा."

प्राचार्यांनी विभागप्रमुखांकडे पाहिलं. मी दोघांच्याही डोळ्यांना डोळा भिडवून उभी होते. सर म्हणाले, "जुनं नको. प्रोग्राम मी दुरुस्त करतो."

आणि त्यांनी केला. दिवसभर माझ्याशी एक शब्द न बोलता, कीबोर्ड आपटत. कामही असं चोख, की मी मागाहून ते वाचून पुन्हा एकदा त्यांच्याकडून शिकले.

नोकरी गेली नाही. सर्व्हर मात्र माझ्याकडून काढून घेतला. मला पहिल्या वर्षाच्या मुलांना टायपिंग शिकवायला बसवलं. सहकारी हळहळले. एकीनं सुचवलं, सरांची माफी माग, सगळं सुरळीत होईल. मी म्हटलं, कशाची मागू? बरोबर केल्याची?

मी नाही मागितली. पुढे आणखी नवी आवृत्ती आली, तेव्हा सरांनी ती त्याच आठवड्यात बसवली. मला सांगितलं नाही. मी मुलांच्या मशीनवरून आवृत्तीचा नवा आकडा पाहिला आणि टायपिंगच्या तासाला निघून गेले.